पिळदार दंड असूनही मारधाडपटाचा नायक पटत का नाही?

महालवासी :

२०१४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर, अवघ्या दोन आठवड्यांच्या अंतराने, रितेश देशमुख यांचे दोन चित्रपट प्रदर्शित झाले. २७ जूनला ‘एक व्हिलन’ आणि ११ जुलैला ‘लय भारी’. मी दोन्ही नागपुरातच, सीताबर्डीला, एकाच मित्राबरोबर पाहिले. पहिल्यात ते बायकोची बोलणी खाणारा, खांदे पाडून चालणारा एक साधा नोकरदार होते आणि त्यांच्या हातात फक्त एक स्क्रू ड्रायव्हर होता; तरीही ते कुणाच्या दारात उभे राहिले की सगळे चित्रगृह गप्प होत होते. त्याच चित्रपटाचे नायक सिद्धार्थ मल्होत्रा उंचेपुरे, कमावलेल्या शरीराचे, आणि कथेप्रमाणे गुंडगिरीत मुरलेले. पण त्यांनी कुणाला उचलून आपटले तरी आम्हा दोघांना काहीच होत नव्हते. दोन आठवड्यांनी रितेश स्वतः मारधाडीचे नायक होऊन आले. ‘लय भारी’ तुफान चालला, आणि मराठी चित्रपटाला तशी गर्दी झालेली पाहून मला मनापासून आनंद झाला. मात्र स्क्रू ड्रायव्हर धरलेल्या त्या भित्र्या माणसाची जी भीती वाटली होती, तिचा अंशही त्यांच्या फटक्याने दहा माणसे उडताना वाटला नाही.

माणूस तोच, शरीर तेच, मधले अंतर पंधरा दिवसांचे. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात आहे आणि आज तो येथे सविस्तर मांडावा असे वाटले. एखादा नट मारधाडपटाचा नायक म्हणून पटत नाही, तेव्हा नेमके काय कमी पडलेले असते?

माझे लहानपण नागपूरच्या महाल भागातले. शाळेच्या वयात पाच वर्षे मी आखाड्यात जात होतो. कुस्तीत फार पुढे गेलो नाही, पण वस्तादांनी जे बघायला शिकवले ते नजरेतून गेले नाही. आमदंगल, म्हणजे जाहीर कुस्त्या, पाहायला नेले की ते सांगत, पैलवानाच्या दंडांकडे पाहू नका, पावलांकडे पाहा. डाव हातांनी लागतो असे बघणाऱ्याला वाटते, पण तो टाचेतून निघतो, कमरेतून येतो आणि हातांत फक्त शेवटचा दिसतो. पाय रोवलेला नसेल तर ढाक हा डाव लावणारा स्वतःच तोल जाऊन पडतो. दुसरी गोष्ट ते अशी सांगत की जिंकणाऱ्यापेक्षा अंगावर डाव घेणाऱ्याकडे अधिक पाहावे, कारण डावाचे खरे वजन त्याच्याच शरीरावर कळते.

आज चाळिशी ओलांडल्यावर माझे मत असे झाले आहे की मारधाडपटाचा नायक पटतो तो मार घेताना. ‘गुलाम’ (१९९८) आठवून पाहा. आमिर खान अंगाने लहान, समोर शरत सक्सेना यांच्यासारखा धिप्पाड माणूस. शेवटच्या मारामारीत वस्ती बघत उभी आहे आणि आमिर यांचा सिद्धार्थ मराठे एकामागून एक ठोसे खातो आहे. ठोसा लागल्यावर त्याची मान वळते, मग खांदा वळतो, मग पाऊल सरकते. हा क्रम एकदाही चुकत नाही. त्याच्या तोंडातून रक्त येते म्हणून आपण हळहळत नाही. ठोसा त्याच्या टाचेपर्यंत पोहोचलेला आपल्याला दिसतो. म्हणून पुढे त्याचा एक ठोसा बसतो तेव्हा तोही खरा वाटतो.

सैफ अली खान यांचेही असेच. ‘एजंट विनोद’मध्ये (२०१२) ते हेर होते, सूट नेटका होता, दिग्दर्शक श्रीराम राघवन यांच्यासारखा जाणकार होता, तरीही प्रत्येक झटापटीनंतर ते जणू समारंभातून बाहेर पडत आहेत असे दिसत होते. हेच सैफ ‘ओंकारा’मध्ये (२००६) लंगडा त्यागी होते. एक पाय अधू असल्यामुळे शरीराचा भार कुठून कुठे जातो हे प्रत्येक पावलाला दिसत होते आणि त्या माणसाजवळ उभे राहण्याचीही भीती वाटत होती. ‘तान्हाजी’मधला (२०२०) त्यांचा उदयभानही मला नायकाच्या बरोबरीचा वाटला. तेव्हा या नटात कसब नाही असे कुणी म्हणू शकणार नाही. मग नायक झाल्यावर ते जाते कुठे? तुमचे मत आणि तुमची उदाहरणे जाणून घ्यायला आवडेल.

धरमपेठकर :

धागा उत्तम आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. तुम्ही शरीराकडे पाहता, मी पटकथेकडे पाहतो. ‘दीवार’मधली (१९७५) गोदामाची मारामारी घ्या. अमिताभ बच्चन तेव्हा काटकुळे होते. त्यांच्या दंडाकडे पाहून कुणीही घाबरले नसते. पण त्यांचा विजय पीटरच्या गुंडांच्या आधी गोदामात जाऊन खुर्चीत पाय पसरून बसतो, दाराला आतून कुलूप लावतो आणि किल्ली पीटरकडे फेकतो. मारामारी येथेच संपली. त्यानंतरचे ठोसे कसेही पडले असते तरी लोकांनी टाळ्याच वाजवल्या असत्या, कारण हा माणूस बाहेर पडण्याचा रस्ता स्वतःच बंद करून आत थांबला आहे हे सलीम-जावेद यांनी आधीच सिद्ध केले होते. ‘जंजीर’मध्येही (१९७३) पोलीस ठाण्यात शेरखानच्या पुढ्यातली खुर्ची लाथेने उडते, तेव्हाच तो इन्स्पेक्टर पटतो, आणि तोवर एकही ठोसा पडलेला नसतो.

न पटणाऱ्या नायकांच्या चित्रपटांत हे लिहिलेलेच नसते. नायक येतो, संथ गतीत चालतो, मागे स्फोट होतो. त्याने कशाची किंमत मोजायची ठरवली आहे, हे आपल्याला सांगितलेलेच नसते. तिथे नटाला दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

महालवासी :

धरमपेठकर, गोदामाच्या दृश्याबद्दल तुम्ही जे लिहिले ते शब्दशः मान्य. आमच्या भाषेत ती खडाखडी. सलामी झाल्यावर दोन पैलवान एकमेकांना हातांनी चाचपतात, मान दाबून पाहतात, मनगट ओढून पाहतात, आणि जाणकार माणूस तेवढ्यावरून कुस्ती कुणीकडे झुकणार हे सांगतो. किल्ली फेकणे ही खडाखडीच आहे.

पण सगळे श्रेय पटकथेचे असेल तर एकाच पटकथेवरचे सर्व नायक सारखे पटायला हवेत. तसे होत नाही. तेलुगू ‘ओक्कडु’ (२००३) मध्ये महेश बाबू होते, त्यावरूनच तमिळमध्ये ‘गिल्ली’ (२००४) झाला, आणि हिंदीत ‘तेवर’ (२०१५). कथा तीच : एक कबड्डीपटू एका मुलीला सत्ताधारी गुंडापासून वाचवतो. हिंदीतले अर्जुन कपूर तिघांत अंगाने सर्वांत भारदस्त. तरी मला ते कबड्डीपटू एका क्षणालाही वाटले नाहीत. विदर्भात ज्याने कबड्डी पाहिली आहे त्याला माहीत आहे की चढाई करणारा खेळाडू कधीही सपाट तळव्यांवर उभा राहत नाही. तो चवड्यांवर असतो, गुडघे वाकलेले असतात, नजर समोरच्या सात जणांच्या पायांवर फिरत असते. मैदानाबाहेर आल्यावरही ती सवय अंगातून जात नाही. महेश बाबूंच्या धावण्यात ती उतावीळ सावधता आहे. अर्जुन कपूर मात्र आधी थांबतात, मग मारतात, मग पुन्हा थांबतात. पटकथा दोघांनाही सारखीच मिळाली होती.

इतवारीचा :

टायगर श्रॉफ यांच्याबद्दल कुणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. त्यांची पावले, त्यांची कंबर, त्यांचा तोल यांत कुणालाही खोट काढता येणार नाही, आणि तरी पुष्कळ जणांना ते पटत नाहीत. महालवासींच्या विचारात हे कसे बसते?

महालवासी :

प्रश्न योग्य आहे आणि त्यावर मी बराच विचार केला. ‘हिरोपंती’पासून (२०१४) मी त्यांचे काम पाहतो आहे. इतकी मेहनत घेतलेले शरीर हिंदी पडद्यावर क्वचितच दिसले असेल, आणि त्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्या कसरतींत मला मल्लखांब दिसतो, कुस्ती दिसत नाही. मल्लखांबात खांब प्रतिकार करत नाही, आणि तो करत नाही म्हणूनच त्यातले सौंदर्य निर्मळ असते. मारामारीत समोरच्याला तुमचा डाव बिघडवायचा असतो. टायगर यांच्या समोरची माणसे खांबासारखी उभी असतात. गिरकी पूर्ण होईपर्यंत थांबतात. हा दोष त्यांचा एकट्याचा नाही, दृश्य रचणाऱ्यांचाही आहे. पण आपण हरू शकतो, असे मला त्यांच्या चेहऱ्यावर अजून एकदाही दिसलेले नाही.

संकलन-टेबल :

मी नागपुरात सोळा वर्षे संकलनाचे काम करतो. लग्ने, जाहिराती आणि अधूनमधून लघुपट. मोठ्या मारधाडपटाचे काम माझ्याकडे आलेले नाही, पण छोट्या झटापटी बऱ्याच कापल्या आहेत. या चर्चेत यंत्राचा भाग राहून गेला आहे, तो थोडा सविस्तर मांडतो.

चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेमनी) दाखवला जातो. मारामारी २१ किंवा २२ चौकटींनी चित्रित केली आणि २४ ने दाखवली, तर हालचाल किंचित जलद होते आणि मंद हातही चपळ वाटतो. ही युक्ती फार जुनी आहे आणि बेताने वापरली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पण नट फारच मंद असेल तर चौकटी आणखी कमी कराव्या लागतात, आणि तेथे घात होतो. हात किती वेगाने हलतो याचा आपल्याला नक्की अंदाज नसतो. शरीर किती वेगाने पडते याचा मात्र असतो, कारण पडणारी माणसे आपण जन्मापासून पाहत आलो आहोत. वेग वाढवला की पडणारा माणूस पिसासारखा हलका किंवा बाहुलीसारखा यांत्रिक दिसू लागतो. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही. तो म्हणतो, हिरो पटला नाही.

दोरांचेही तसेच. माणसाला उडवण्यासाठी त्याच्या कमरेला पट्टा बांधतात आणि दोराने मागे ओढतात. ठोसा हनुवटीवर बसला असेल तर सर्वांत आधी डोके मागे जायला हवे आणि पाय सर्वांत शेवटी सुटायला हवेत. दोर कमरेला असल्यामुळे आधी कंबर निघते. महालवासींनी ‘गुलाम’मधला मान, खांदा, पाऊल असा जो क्रम सांगितला, तो दोराच्या दृश्यात उलटा होतो.

तिसरी गोष्ट कटांची. जो नट मारामारी सलग करू शकत नाही, त्याच्यासाठी आम्ही तुकडे करतो : हात उगारला, कट, समोरच्याचा चेहरा, कट, पडणारे शरीर, कट. ‘टेकन’च्या पहिल्या भागात (२००८) लियाम नीसन पंचावन्नच्या आसपासचे होते, आणि तरी ते जगभर पटले, कारण त्यांचा आवाज आणि त्यांची निश्चयी घाई खरी होती. तिसऱ्या भागात ते एका कुंपणावरून उडी मारतात, तेवढ्या काही सेकंदांत डझनभर कट आहेत. संकलन शिकणाऱ्या मुलांना मी ते दृश्य मुद्दाम दाखवतो. कुंपण पार झाले आहे, पण ते कुणी पार केले हे दिसतच नाही. याच्या उलट ‘जॉन विक’ (२०१४). दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की हे ‘मेट्रिक्स’मध्ये कियानू रीव्ह्ज यांच्या जागी जोखमीची दृश्ये करणारे होते. आपल्या नटाला काय जमते हे त्यांना नेमके माहीत होते, म्हणून त्यांनी कॅमेरा दूर ठेवला आणि दृश्ये लांब चालू दिली. रीव्ह्ज धापा टाकतात, लंगडतात, बंदूक भरताना त्यांचा वेळ जातो, आणि हे सगळे कापून न टाकता ठेवलेले आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पडद्यावरचा ठोसा लागत नाही. तो चेहऱ्यापासून वीतभर दूरून जातो, आणि कॅमेरा अशा कोनात असतो की ते अंतर दिसू नये. ठोसा खरा करतो तो पडणारा फायटर. त्याने मान झटकण्यात पाव सेकंदाचा उशीर केला तर जगातला कोणताही नायक खोटा ठरतो. अजय देवगण यांचे वडील वीरू देवगण, रोहित शेट्टी यांचे वडील एम. बी. शेट्टी, विकी कौशल यांचे वडील श्याम कौशल हे सगळे फाइट मास्टर. या घरांतली पुढची पिढी मारधाडीत सहसा पटते, याचे कारण मला हेच वाटते की पडणाऱ्या माणसाची किंमत त्यांनी घरात पाहिली. ‘फूल और काँटे’मध्ये (१९९१) दोन मोटारसायकलींवर पाय ठेवून येणारे अजय देवगण सडपातळच होते.

सदरची प्रेक्षक :

संकलन-टेबल यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. फार शिकायला मिळाले.

नायिकांचे उदाहरण कुणीच घेतले नाही, पण या प्रश्नाचे उत्तर मला तेथेच स्पष्ट दिसते. ‘बेबी’मध्ये (२०१५) तापसी पन्नू यांची भूमिका लहान आहे, आणि त्यात काठमांडूच्या हॉटेलच्या खोलीतली एक मारामारी आहे. समोरचा पुरुष तिच्यापेक्षा जड आहे, हे दृश्य एका क्षणालाही विसरत नाही. ती त्याच्या बळाशी बळाने झुंजत नाही. ती त्याचे गुडघे, गळा, बोटे शोधते. तिला मार बसतो, ती उठते, केस तोंडावर आलेले असतात, श्वास लागलेला असतो. माझ्या शेजारी बसलेल्या माझ्या आईने माझा हात घट्ट धरला होता. आईला मारामारीचे चित्रपट आवडत नाहीत. ‘धाकड’मध्ये (२०२२) कंगना रनौट यांच्याकडे शस्त्रे, वेशभूषा, मोठा खर्च, सगळे होते, पण त्या इतक्या सहज सगळ्यांना लोळवतात की मला त्यांची काळजी करण्याची संधीच मिळाली नाही.

पुरुष नायकांना ही अडचण कायमची असते असे मला वाटते. नायिका दुबळी ठरेल असे गृहीत धरून लेखक आणि फाइट मास्टर ती कशी जिंकेल याचा विचार करतात. नायक जिंकणारच असे धरल्यामुळे त्याच्या बाबतीत तो विचार होत नाही. धागाकर्त्यांनी विचारले होते की सैफ यांचे कसब नायक झाल्यावर जाते कुठे. मला वाटते, नायकाला मार खाऊ द्यायला आसपासचे लोक तयार नसतात. खलनायकाच्या वेळी तो संकोच नसतो.

आणि हे काही नवे नाही. ‘हंटरवाली’ (१९३५) मधल्या नादिया ऑस्ट्रेलियात पर्थला जन्मलेल्या, आणि वाडिया बंधूंच्या चित्रपटांत त्या धोक्याची कामे स्वतः करत. नव्वद वर्षांपूर्वीचा प्रेक्षक चाबूक फिरवणारी बाई स्वीकारत होता. तेव्हा प्रेक्षकाला अमुक पटणारच नाही, ही सबब मला मान्य नाही.

महालवासी :

नायकाला मार खाऊ दिला जात नाही, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यात आहे. मनापासून आभार.

जुनी रीळ :

माझे वय अडुसष्ट आहे. तरुणपणी नागपूरच्या टॉकीजमध्ये स्टॉलचे तिकीट काढून पाहिलेल्या चित्रपटांच्या आधारावर लिहितो आहे. तुम्ही सगळे डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टी सांगता आहात. मी आवाजाबद्दल सांगतो.

‘अग्निपथ’ १९९० साली आला तेव्हा अमिताभ बच्चन यांनी विजय दीनानाथ चव्हाणसाठी आवाज बदलून, घोगरा करून लावला होता. लोकांना ते संवाद नीट कळेनात, ध्वनिव्यवस्थेत बिघाड आहे असे वाटू लागले, आणि शेवटी त्यांच्या नेहमीच्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रण करावे लागले. त्याच भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, म्हणजे अभिनयात उणीव नव्हती. पण मारणाऱ्या माणसाचा आवाज ओळखीचा असावा लागतो, ही प्रेक्षकाची गरज त्या वेळी मला प्रथम कळली. सनी देओल यांचेही बळ मला हातांपेक्षा गळ्यात अधिक वाटते. ‘घायल’ (१९९०) आणि ‘दामिनी’ (१९९३) या दोन्हींत ते ओरडतात तेव्हा शब्दाच्या शेवटी आवाज फाटतो, आणि तो फाटतो म्हणूनच राग आतून आलेला वाटतो. आजचे पुष्कळ नायक मारताना ओरडतात, पण ते ओरडणे स्टुडिओत निवांत उभे राहून ध्वनिमुद्रित केलेले असते आणि त्यात धाप नसते.

आता माझे सर्वांत आवडते उदाहरण. ‘अर्ध सत्य’ (१९८३) मारधाडपट नाही असे कुणी म्हणेल; मी त्याला मारधाडपटच म्हणतो. श्री. दा. पानवलकर यांची कथा, विजय तेंडुलकर यांची पटकथा, गोविंद निहलानी यांचे दिग्दर्शन, म्हणजे मराठी साहित्याचाच तो चित्रपट. ओम पुरी यांचा चेहरा व्रणांचा, शरीर साधे, त्यांना नायक म्हणून कुणी भिंतीवर लावले नसते. पण सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर कोठडीत हात उगारतो, तेव्हा त्याचा हात त्याच्या बापाविरुद्ध उठतो आहे हे दिसते. समोर सदाशिव अमरापूरकर यांचा रामा शेट्टी. तो तर उठूनही उभा राहत नाही, आणि तरी खोलीतली सगळी सत्ता त्याच्याकडे असते. या दोघांपैकी एकाच्याही दंडाचा घेर मला आठवत नाही.

धरमपेठकरांचे पटकथेचे म्हणणे मला म्हणूनच पटते, आणि महालवासींचेही पटते. तेंडुलकरांनी लिहिले आणि ओम पुरींनी ते शरीरात घेतले.

धरमपेठकर :

‘ओक्कडु’ आणि ‘तेवर’च्या तुलनेनंतर माझा मुद्दा थोडा मागे घेतो. पटकथा सर्वांना सारखी मिळाली तरी प्रत्येक जण तिच्यातून सारखेच घेत नाही, हे खरे. तरी एक जोडतो. ‘डाय हार्ड’ (१९८८) येण्याआधी ब्रूस विलिस दूरचित्रवाणीवरच्या विनोदी मालिकेसाठी ओळखले जात होते आणि त्यांना असा नायक करणे पुष्कळांना चुकीचे वाटले होते. लेखकांनी त्यांच्या पायांतले बूटच काढून घेतले. मग तो माणूस काचांवरून अनवाणी पळतो आणि न्हाणीघरात बसून तळपायातले तुकडे काढतो. महालवासींना हवे असलेले पाऊल येथे पटकथेनेच आणून दिले आहे.

वर्धा रोड :

मराठीबद्दल थोडे. ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) मध्ये संदीप कुलकर्णी यांच्या हातात क्रिकेटची बॅट आहे. माधव आपटे हा बँकेत नोकरी करणारा माणूस बॅट ज्या तऱ्हेने धरतो ती खेळाडूची पकड नाही आणि मारेकऱ्याचीही नाही. त्याला ती कशी धरावी हे ठाऊक नाही, आणि म्हणून तो भयंकर वाटतो. नाना पाटेकर यांनी ‘प्रहार’साठी (१९९१) सैन्यासोबत प्रशिक्षण घेतले होते, आणि ते मेजरच्या उभे राहण्यात दिसते; त्यासाठी त्यांना एकही ठोसा मारावा लागत नाही.

आणि आपल्या गावाचा ‘झुंड’ (२०२२) विसरू नका. नागराज मंजुळे यांनी नागपुरात चित्रित केलेला, वस्तीतल्या मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसे यांच्या कामावर बेतलेला. त्यातल्या पोरांपैकी बहुतेक जण व्यावसायिक नट नव्हते. त्यांच्या हाणामारीत एकही सुंदर ठोसा नाही. कॉलर धरणे, ढकलणे, चप्पल सुटणे, मागून कुणीतरी ओढणे, आणि मध्येच पळ काढणे. मी ज्या भागात वाढलो तेथे मारामाऱ्या अशाच होत. पडद्यावर आपले गाव खरे दिसले, याचा मला किती अभिमान वाटला हे सांगता येणार नाही.

इतवारीचा :

‘झुंड’शी पूर्ण सहमत. ‘किल’ (२०२४) सुद्धा पाहा. रेल्वेच्या डब्यातली अरुंद वाट, त्यामुळे गिरकी घ्यायला जागाच नाही. नायक लक्ष्य हे मालिकांतून आलेले, आणि खलनायक राघव जुयाल तर नर्तक म्हणून प्रसिद्ध. दोघांबद्दलही मला शंका होती. डब्याने दोघांनाही खरे केले.

महालवासी :

चर्चा अपेक्षेपेक्षा खोल गेली. काल रात्री ‘गुलाम’चे शेवटचे दृश्य पुन्हा लावले. सोबत माझा पुतण्या होता. तो चौदा वर्षांचा आहे आणि सध्या आखाड्यात जातो. मी त्याला पावले पाहायला सांगितली. त्याने ती पाहिली, आणि दृश्य संपल्यावर मला एक वेगळीच गोष्ट सांगितली : काका, मार खाऊन खाऊन त्याचे हात छातीपर्यंतही उचलले जात नाहीत, तरी तो मुठी सोडत नाही. पंचवीस वर्षांत हे माझ्या लक्षात आले नव्हते. मी पुन्हा पाहिले. मुठी खरोखरच मांडीजवळ लोंबतात, पण वळलेल्या आहेत.

संकलन-टेबल, एक विनंती आहे. ते दृश्य चौकटी मोजून पाहाल का? कुठे वेग वाढवला आहे, आणि कुठे नाही?

संकलन-टेबल :

पाहतो. दोन दिवस द्या, सध्या लग्नाचे काम आहे. पुतण्याने सांगितलेल्या मुठींपासून सुरुवात करतो. थकलेला हात वेग वाढवला तर थकलेला राहत नाही, म्हणजे निदान तेवढा भाग त्यांनी पूर्ण २४ चौकटींनी घेतलेला असावा असा माझा अंदाज आहे.